उभ्या पायाचं माप

"आबा, हा बूट तुम्ही घाला आणि या दुकानात नुसत्या दहा फेऱ्या मारा. मग मी एक शब्द बोलत नाही, गुमान जाते."

सुवार्ता लोंढेनं तो पांढरा बूट काउंटरवर असा ठेवला, जसा कुणी मेलेला उंदीर शेपटीला धरून आणून ठेवावा. गुरुवारची दुपार, चार वाजून गेलेले. आबा, म्हणजे माझे वडील दत्तू सातपुते, तोंडात खिळे धरून एका सँडलची टाच ठोकत होते. त्यांनी खिळे एकेक करून तळहातावर काढून घेतले. तोंडात खिळे असताना आबा भांडत नसत. त्यामुळं खिळे बाहेर आले की काय समजायचं ते आम्ही घरातली माणसं समजत असू.

"सिस्टरबाई, बायकांचा बूट हाय त्यो. माझा पाय कसा जाईल त्यात?"

"माझा तरी कुठं जातोय?"

मी हसले. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि मी हसू गिळलं.

शहाऐंशी साल होतं. मी एकवीस वर्षांची, बारावी झालेली आणि लग्नाच्या बाबतीत दोन वेळा नापास झालेली. बसस्टँडमागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. आबा हातानं जोडे बनवत आणि मी वही सांभाळत असे. ही वही म्हणजे गिऱ्हाइकांच्या पावलांची वही. लांबट, जाड, जुन्या कापडात बांधलेली. प्रत्येक पानावर एका माणसाचे दोन पाय, पेन्सिलीनं गिरवलेले, खाली नाव आणि तारीख. आबा कडेला कामाचं तेवढं लिहीत: 'डावा मोठा', 'अंगठ्याचं हाड बाहेर'. त्यांची पाठ वळली की मी माझ्या नोंदी घालत असे. 'बायकोच्या पुढं सात पावलं चालतो.' 'नवा जोड पिशवीत, जुना पायात. नवा फक्त कोर्टात घालणार.' गावातल्या निम्म्या माणसांची कुंडली माझ्याकडं होती, आणि ती बघायला त्यांच्या जन्मवेळेची गरज नव्हती.

सुवार्ता ट्रस्टच्या हॉस्पिटलात नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी, मिरजेकडची, ख्रिस्ती, उंच, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. आमच्या गावात बायकांनी असं बघायची पद्धत नव्हती. त्यामुळं ती उद्धट आहे असं दोन-चार ठिकाणी ठरून गेलं होतं.

"दुखतंय कुठं?" आबांनी विचारलं.

"चवड्यात. इथं." तिनं चप्पल काढून बोटांच्या मागची जागा दाबून दाखवली. "बुटात खडा गेल्यासारखं वाटतं. बूट काढते, झटकते, खडा काही निघत नाही. परत घालते, खडा परत आहेच. दुपारनंतर तिसऱ्या-चौथ्या बोटात आग होते, मग बोटं मुकी होतात."

"कोरा बूट चावतोच. एरंडेल लावा."

"अकरा महिने झाले, आबा. अकरा महिन्यांत सासूसुद्धा चावायची थांबते."

आबांना हे पटलं असावं, कारण त्यांनी एरंडेलाचं नाव परत काढलं नाही. मग मीच विचारलं, "ताई, डॉक्टर काय म्हणाले? हॉस्पिटलातच तर असता."

"सगळे म्हणाले. गुळवणी डॉक्टर म्हणाले, युरिक ॲसिड. डाळ बंद, वांगं बंद. रक्त तपासलं, युरिक ॲसिड नाही. आमची आयाबाई म्हणते, फरशीचा गारठा. माझी मामी म्हणते, लग्न झालं की जाईल. आणि सेक्रेटरी म्हणतात, चवड्याला काही झालेलं नाही, कामचुकारपणा झालाय."

मी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. पुढं चौकशी केली तेव्हा गंमत कळली. युरिक ॲसिड खुद्द गुळवणी डॉक्टरांना होतं. आयाबाईच्या खोलीत बारा महिने ओल होती. मामीचं लग्न उशिरा झालं होतं. जो तो आपल्या घरातलं दुखणं तिच्या पायावर चिकटवून मोकळा झाला होता. सेक्रेटरींच्या कारणाबद्दल मी इथं लिहीत नाही. त्यांचे नातू अजून गावात आहेत.

"आणि तुमचं स्वतःचं म्हणणं काय?" मी विचारलं.

"बूट अरुंद आहे, टाच उंच आहे आणि मी दिवसाचे दहा तास उभी असते. उंच टाचेनं सगळं अंग चवड्यावर येतं, आणि अरुंद बुटात चवड्याची हाडं एकमेकांवर चेपतात. मधली नस त्यात सापडते. यात न कळण्यासारखं काय आहे?"

आबा म्हणाले, "बूट वहीतल्या मापानं बनवलाय. शालन, काढ पान."

मी पान काढलं. 'सु. लोंढे, स्टाफ.' दोन सुबक, निमुळती पावलं. सुवार्ता वाकून बघत राहिली.

"हे माझे पाय आहेत?"

"तुमच्याच नावावर आहेत," मी म्हणाले.

"मग या पायांना म्हणावं, तुम्हीच ड्युटीला जा."

तिनं वहीखालचा खाकी कागद ओढला, जमिनीवर टाकला आणि त्यावर उभी राहिली. "घे माप." मी गुडघ्यावर बसून पेन्सिल फिरवली. मग तो कागद वहीतल्या पानावर ठेवून उजेडात धरला. दोन्ही रेघांत, दोन्ही बाजूंना, करंगळीच्या नखाएवढी फट होती.

आबांनी बघितलं. "पाय सुजलाय बाईंचा."

"दोन दिवस रजेवर आहे मी. सूज नाही."

मला त्या दोन रेघांकडं बघून जे कळायचं ते कळलं होतं. मी वही मिटली.

आता तिनं खरं काम सांगितलं. तिला नोकरीला लागून वर्ष पूर्ण होत होतं. शनिवारी अकराला कमिटी बसणार होती, तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवायला. तीन आठवड्यांपूर्वी एके दिवशी तिनं सकाळपासून लागोपाठ दोन बाळंतपणं केली, दुसऱ्या वेळी मूल आडवं होतं. सगळं सुखरूप झाल्यावर ती वॉर्डातल्या स्टुलावर बसली. बूट काढून बसली. नेमक्या त्याच वेळी सेक्रेटरी शिंत्रेआप्पा पाहुण्यांना नवी इमारत दाखवत तिथं आले. ड्युटीवर बसलेली आणि अनवाणी नर्स पाहुण्यांनी बघितली. कागदावर तिच्या नावापुढं आता एवढंच होतं: 'कामावर असताना बसते. गणवेश पाळत नाही.'

"घरी पाठवलं तर क्वार्टरही जाईल," ती म्हणाली. "आणि हा शेरा घेऊन गेले तर दुसरं हॉस्पिटल दारात उभं करणार नाही. आबा, तुम्ही शनिवारी फक्त येऊन सांगा, बूट लहान झालाय. तुमचं एक वाक्य."

आबा बराच वेळ त्या बुटाची शिवण अंगठ्यानं चाचपत राहिले. शिवण उत्तम होती, त्यात वादच नव्हता.

"बावीस जोड दिलेत मी हॉस्पिटलात," शेवटी ते म्हणाले. "एकवीस जणींची तक्रार न्हाई. चाळीस वर्षांत सातपुत्याचा जोड कुणी परत आणला न्हाई, बाई. पायात काय असंल ते तुमच्या देवाला म्हाईत. माझ्या बुटात कायबी न्हाई."

आणि त्यांनी खिळे परत तोंडात घातले.

सुवार्ता बूट उचलून पायरी उतरली. जाताना लंगडत नव्हती. मला वाटतं, आमच्यासमोर लंगडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"आबा, मी जाऊ का शनिवारी?" मी विचारलं.

त्यांनी खिळ्यांसकट मान हलवली. नाही.

शनिवारी साडेदहाला मी वही काखेत मारली आणि आईला सांगितलं, दळण आणायला जाते. आई म्हणाली, "डबा न्हाई नेलास." मी म्हणाले, "गिरणीत आहे." पायरीवर आबा बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, काखेतल्या वहीकडं बघितलं. मी तशीच निघाले.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चार-पाच नर्स घोळक्यानं उभ्या होत्या. सवयीनं माझी नजर आधी खाली गेली. आमचेच बूट. एक गोष्ट खटकली. पांढरा बूट मळतो तेव्हा सगळीकडं सारखा मळतो. यांचे बूट करंगळीच्या बाजूला जरा जास्तच पांढरे होते, जणू तेवढ्याच भागाला रोज रंग दिला जात होता. मी मनात नोंद केली आणि पुढं गेले.

मीटिंगच्या खोलीबाहेर शिपाई होता. "कुठं चाललीस?"

"आत."

"कोण तू?"

"बुटांचं माप घेणारी."

असं उत्तर त्याला आधी कुणी दिलं नसावं. तो विचारात पडला तेवढ्यात मी दार ढकललं.

लांब टेबल होतं. मधोमध शिंत्रेआप्पा, पांढरी टोपी, समोर चहा. उजवीकडं गुळवणी डॉक्टर, शेजारच्या खुर्चीवर त्यांची बॅग. डावीकडं टोकाला मॅट्रन देवकुळेबाई, इस्त्रीच्या घडीसारख्या ताठ. गावातल्या बायका त्यांना सासूपेक्षा जास्त भीत. एक कारकून. आणि टेबलासमोर, हात मागं बांधून, सुवार्ता उभी. तेच बूट घालून.

"…बसायला कुणाची परवानगी घेतली होतीस?" आप्पा विचारत होते.

"बाळ रडलं, आप्पा. तेवढी परवानगी मला पुरली."

"बघा! हे असं बोलणं!" आप्पा डॉक्टरांकडं वळले आणि वळताना त्यांना मी दिसले. "ही कोण?"

"दत्तू सातपुत्यांची शालन. बुटांबद्दल सांगायचंय."

"बापानं पाठवलं?"

"नाही. त्यांनी येऊ नको म्हटलं होतं."

"मग बाप शहाणा आहे. चपला शिवणाऱ्यांनी मीटिंगात येऊन बोलायचं, ही कुठली पद्धत?"

"मीटिंग बुटांवरच चाललीय, आप्पा. मी नाही तर कोण बोलणार?"

गुळवणी डॉक्टरांनी चहाच्या कपात तोंड लपवलं. आप्पांनी घड्याळ बघितलं. "दोन मिनिटं. बोल."

मी वही टेबलावर ठेवून उघडली. पान मिटू नये म्हणून तळव्यांनी दाबून धरलं.

"या बाईंचा बूट लहान आहे. वहीतलं माप चुकीचं आहे."

"कुणी घेतलं माप?"

"मी."

सुवार्तानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. माप मी घेतलं हे तिला माहीत होतं. चुकलं कसं, ते माहीत नव्हतं.

"चुकलीस, म्हणजे?" डॉक्टर म्हणाले.

"चुकले नाही. मुद्दाम केलं."

मी सांगून टाकलं. आजही तसंच सांगते, कारण त्यात सजवण्यासारखं काही नाही. आमच्याकडं बायका मापाला दुकानात येत नसत. पुरुषानं पायाला हात लावायचा नाही, म्हणून जुनी चप्पल मापाला पाठवत. जुनी घट्ट, तर तिच्यावरून नवीही घट्ट. मंत्री इमारतीच्या उद्घाटनाला येणार म्हणून हॉस्पिटलनं नर्सना बूट करायचं ठरवलं तेव्हा आबांनी मला पाठवलं. मी बाकड्यावर एकेकीला बसवलं आणि खाली बसून पाय गिरवायला लागले. पहिलीच पोरगी कागदावरची रेघ बघून किंचाळली, "अगं बाई! हा फताडा माझा?" बाकीच्या खिदळल्या. कुणीतरी म्हणालं, पाहुणे बघायला आले की कागद लपव गं. ती पोरगी रडवेली झाली. मलाही दोन वेळा बघून गेले होते, आणि एका ठिकाणी पायावरूनच बोलणं झालं होतं. मला ते रडवेलं तोंड बघवेना. दुसरीच्या वेळी मी पेन्सिल आत कलती धरली. पेन्सिल सरळ उभी ठेवली की खरा पाय उतरतो. तळव्याखाली कलती घातली की पाय निमुळता, नाजूक उतरतो. दुसरी खूश झाली. मग पहिलीचाही कागद फाडून परत काढला. त्या दिवशी मी बावीस जणींना नाजूक करून सोडलं. सगळ्या म्हणाल्या, शालनचा हात चांगला आहे.

"आणि तेही बसलेल्या पायाचं माप," मी म्हणाले. "बसलेला पाय वेगळा, उभा पाय वेगळा. अंगाचा भार पडला की चवडा पसरतो. यांना कामावर बसायची परवानगी नाही, आणि बूट मात्र मी बसलेल्या पायाचे दिले."

कारकुनानं लिहायचं थांबवलं होतं. आप्पा टोपी सारखी करत म्हणाले, "बापाचं नाव बुडवायला आलीस का गं तू?"

"नाव त्यांचं आहे. हात माझा होता. नोंदीत तसंच लिहा."

"खरं कशावरून?"

मी खाकी कागद जमिनीवर पसरला. "ताई, बूट काढा. उभ्या राहा." पेन्सिल फिरवली, या वेळी काटकोनात. कागद वहीच्या पानाशेजारी ठेवला. गुळवणी डॉक्टर उठून आले, चष्मा वर करून दोन्ही रेघा बघितल्या. मग खाली बसून त्यांनी सुवार्ताचा चवडा दोन्ही बाजूंनी दाबला. ती ओठ चावून उभी राहिली. अकरा महिन्यांत डॉक्टरांनी तिच्या पायाला हात लावला तो पहिल्यांदा. आधी रक्त तपासलं होतं, पाय नाही.

"हं," डॉक्टर म्हणाले. "नस दबलीय. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये. आणि खाली घट्टा बघा केवढा झालाय."

"आणि माझं वांगं?" सुवार्ता म्हणाली.

"खा," डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, झालं. पण आप्पा शिंत्रे काही साधे गडी नव्हते. त्यांनी सोसायटीच्या चार निवडणुका उगाच जिंकल्या नव्हत्या.

"ठीक," ते सावकाश म्हणाले. "बूट लहान. या पोरीनं बावीस जणींचं माप असंच घेतलं. मग बाकीच्या एकवीस जणी उभ्या राहतात ना? त्यांचेही बूट लहानच की. त्या तक्रार करत नाहीत, बसत नाहीत. म्हणजे दुखणं बुटात नाही. दुखणं हिच्या स्वभावात आहे."

आबांनीही तेच म्हटलं होतं. मी वहीकडं बघत राहिले. सुवार्ता काही बोलायला गेली आणि थांबली. तिचा चेहरा बघून मला जाणवलं की तिला उत्तर माहीत आहे आणि ती ते देणार नाही.

"आप्पासाहेब."

मॅट्रन देवकुळेबाई. त्या अजून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची मागं सारली, वाकल्या, उजव्या बुटाची नाडी सोडली आणि तो बूट काढून आप्पांच्या चहाच्या कपाशेजारी टेबलावर ठेवला.

"बाई, हे काय!"

"करंगळीच्या बाजूनं बघा."

कुणी हात लावेना. मग त्यांनीच नखानं उचकटलं. पांढऱ्या रंगाखालून चिकटपट्टी निघाली, आणि पट्टीखाली चार बोटं लांब चीर. बूट एका बाजूनं सरळ कापलेला होता.

"ऑपरेशनच्या ब्लेडनं कापलाय," त्या म्हणाल्या. "वरून पट्टी, पट्टीवर रोज सकाळी पांढरा रंग. पहिला बूट मी कापला, पहिल्याच आठवड्यात. मग मुली रडत आल्या, त्यांना मीच शिकवलं कसं कापायचं ते. एकवीस जणी उभ्या राहतात, कारण एकवीस बूट कापलेले आहेत."

"आणि हिचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिलाही ब्लेड दिलं होतं. ही म्हणाली, गणवेश संस्थेचा आहे, मी कापणार नाही, मी लेखी तक्रार देईन. चार दिल्या. चारही माझ्या कपाटात आहेत. मी पुढं पाठवल्या नाहीत, कारण मग माझा बूट कुणीतरी बघितला असता." बाईंनी सुवार्ताकडं बघितलं नाही. "चौतीस वर्षं उभी आहे मी, आप्पासाहेब. नियम पाळणारी एकच मुलगी आहे या हॉस्पिटलात, आणि आपण तिला नियम मोडला म्हणून काढतो आहोत."

व्हरांड्यातल्या बुटांवरची ती जास्तीची पांढरी जागा मला आत्ता वाचता आली. स्वतःला फार चलाख समजत होते मी.

आप्पांनी त्या बुटाकडं बघितलं, मग चहा बुटापासून लांब सरकवला. आता त्यांना मॅट्रनसकट सगळ्यांना काढायला हवं होतं, नाहीतर कुणालाच नाही. हा हिशेब त्यांना माझ्याआधी जमला.

"बरं. करा कायम," ते कारकुनाला म्हणाले. "पण शिस्त ती शिस्त. हिनं दोन ओळी लिहून द्यायच्या. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, पुन्हा ड्युटीवर बसणार नाही. मग माझी सही."

ही पळवाट चांगली होती. सगळ्यांचं राहिलं असतं. गुळवणी डॉक्टर म्हणाले, "लिही बाई. दोन ओळींनी काय होतंय?" देवकुळेबाई बुटाची नाडी बांधत होत्या, त्यांनीही मान हलवली. मीसुद्धा मनात म्हणाले, लिही गं ताई, नोकरी घे आणि सूट.

"नाही," सुवार्ता म्हणाली.

"काय नाही?"

"दिलगीर नाही. आई सुखरूप, बाळ सुखरूप, मग मी बसले. पुढच्या वेळी आई आणि बाळ सुखरूप असले की परत बसेन. खोटं लिहून कायम व्हायचं असतं तर पहिल्याच आठवड्यात ब्लेड घेतलं असतं."

"मग घरी जावं लागेल."

"जाईन. कारण मात्र लिहून द्या. 'बाळंतपण उरकल्यावर बसली.' एवढंच, तुमच्या सहीनं. तो कागद मी मिरजेत प्रत्येक हॉस्पिटलात दाखवीन."

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. कारकून आप्पांकडं बघत राहिला. खिडकीबाहेर व्हरांड्यात आता दहा-बारा नर्स जमल्या होत्या, आणि आप्पांनी त्या मोजल्या. मी त्यांचे ओठ हलताना बघितले.

"तो कागद आण," ते कारकुनाला म्हणाले. "कायम केल्याचा. माफीबिफी राहू दे."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. दुसऱ्या वर्षी बुटांची ऑर्डर कराडच्या दुकानाला गेली, आम्हाला विचारलंसुद्धा नाही. आबा माझ्याशी अकरा दिवस बोलले नाहीत. बाराव्या दिवशी बोलले ते एवढंच: "पेन्सिल कशी धरायची ते शिकवलं नव्हतं का तुला?" मी म्हणाले, "शिकवलं होतं." त्यांनी बावीस जणींना निरोप धाडला, जुने जोड घेऊन या, आणि प्रत्येकीचा बूट उसवून, चवड्याशी नवं कातडं घालून, टाच उतरवून दिला. बायका दुकानात येऊन कागदावर उभ्या राहायला लागल्या त्या तेव्हापासून. कुणी 'फताडा' म्हणालं की मी म्हणे, फताडा नाही, खरा. दुकान आता माझं आहे. माझ्या लग्नाचं मात्र त्या प्रकरणानंतर कुणी फारसं काढलं नाही. हॉस्पिटलच्या मीटिंगात घुसून बोलणारी सून कुणाला हवी असते?

पण मला आठवते ती त्या सकाळची शेवटची पाच मिनिटं.

कारकुनानं कागद आणला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. "इथं सही. वाकून कर." आप्पा जायला उठले होते, टोपी सारखी करून, काठी घेऊन. पण तिच्या सहीखाली त्यांची सही लागत होती, म्हणून ते थांबले.

सुवार्ता वाकली नाही. ती टेबलाला वळसा घालून गेली, डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि बसली. पाय लांब केले. मग कागद हातात घेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. सावकाश, बोट फिरवत. देवकुळेबाई खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते रडणं नव्हतं.

आप्पा काठी टेकून एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभे. घसा खाकरून म्हणाले, "अगं, किती वाचशील? सात ओळी आहेत."

सुवार्तानं कागदावरून मान वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"दमलात का आप्पा, उभं राहून? बसा की."